परशुराम घाट : दुपारी बारा ते पाच

पावसाळ्यात मुंबईहून निघणारा माणूस चिपळूणला फोन लावतो तेव्हा ख्यालीखुशालीच्या आधी विचारतो, "घाट चालू आहे ना?" ही सवय जुनी नाही, २०२१ नंतर लागली. त्याआधी परशुराम घाट म्हणजे वळणे, विसावा पॉइंटवरून दिसणारे वाशिष्ठीचे पात्र आणि वरचे परशुरामाचे देऊळ. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग १७ चा क्रमांक बदलून ६६ झाला, तरी घाटातला दोन पदरी रस्ता तसाच राहिला. कोकण रेल्वेने हा डोंगर बोगद्यातून ओलांडला. रस्ता मात्र डोंगराच्या कुशीतूनच जातो. त्याच्या वर परशुराम गाव आहे आणि खाली पेढे हे गाव.

चौपदरीकरण आले तेव्हा ही रचना अडचणीची ठरली. रुंदी वाढवायची तर वरचा डोंगर कापावा लागतो, नाहीतर खालच्या अंगाला भराव टाकून भिंत बांधावी लागते. इथे दोन्ही करावे लागले. त्यात कामाचे टप्पे पाडताना एकाची हद्द परशुरामला संपली आणि दुसऱ्याची तिथूनच सुरू झाली, म्हणून एकाच घाटात दोन ठेकेदार आले. जमिनीच्या मोबदल्यात देवस्थान, खोत आणि कुळे यांचा वाटा किती, हा वाद वेगळाच. तो मिटेपर्यंत काम रखडले. कुळांचा हट्ट, असे त्या काळात सर्रास बोलले जाई. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याने आपला वाटा मागितला तर त्याला हट्ट म्हणणे मला पटत नाही. पण त्या रखडण्याचा परिणाम पुढे सगळ्यांनीच भोगला. खेड आणि चिपळूण दोन्ही अंगांनी रस्ता रुंद होत आला आणि घाट मध्ये अर्धवट कापलेला राहिला.

अर्धवट कापलेला डोंगर इथे फार धोक्याचा. वर जांभा दगड, त्याच्या खाली मऊ मातीचा थर, त्या खाली कुजलेला कातळ. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस तो पिऊन घेतो. खालची माती पाणी सोडत नाही, फुगते आणि निसरडी होते. उभी कापणी करून या थराचे तोंड उघडे टाकले की वरचा जांभा चिऱ्यांसकट घसरून येतो. म्हणून उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा, प्रत्येक पायरीला गटार द्यायचे, डोंगरमाथ्यावरचे पाणी आधीच बाजूला वळवायचे आणि मग जाळी किंवा भिंत, असा क्रम असतो. पाण्याची वाट न काढता नुसती भिंत उभी केली तर भिंतीमागे पाणी साठते आणि भिंतच ढकलली जाते.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडाले. त्याच पावसात घाटाच्या खालच्या अंगाची माती पेढ्यातल्या घरांवर गेली. घरे गाडली गेली, माणसे गेली. बातम्यांत सगळीकडे 'दरड कोसळली' एवढेच होते. हा शब्द मोघम आहे. वरून दगड रस्त्यावर आला तरी दरड, रस्त्याखालचा भराव निसटला तरी दरड. वाहनचालकाला पहिल्या दरडीची भीती, पेढेकरांना दुसरीची. रस्ता साफ केला की पहिली निभावते, दुसरीचा धोका तेवढ्याने टळत नाही. पुढे घाटाबद्दल जे वाद झाले, त्यांत बहुतेक वेळा पहिलीच दरड धरून बोलले गेले.

सगळ्यात गाजला तो २०२२ चा निर्णय : २५ एप्रिल ते २५ मे, रोज दुपारी १२ ते ५ घाट पूर्ण बंद. त्या वेळात हलक्या गाड्यांनी कळंबस्ते फाटा, आंबडस, चिरणी, लोटे या मार्गाने जायचे आणि अवजड गाड्यांनी थांबून राहायचे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हा महिना चाकरमान्यांचा आणि आंब्याचा. घाटाच्या खेडच्या अंगाला लोटे औद्योगिक वसाहत, तिथे चिपळूणहून रोज जाणारे शेकडो कामगार. दुपारी तीनची पाळी नेमकी बंदच्या वेळेत यायची. चिरणीचा रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की एकाला मागे जावे लागे.

तरीही घाट बंद ठेवणे बरोबरच होते, असे मला वाटते. वर पोकलेनने कापणी चालू असताना खालून गाड्या सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. रात्री काम करा, असेही सुचवले गेले. पण अंधारात सुटलेला दगड कुठे जातो ते खाली उभ्या माणसाला दिसत नाही. चुकला तो महिना. हेच पाच तास जानेवारीपासून मिळाले असते तर पावसाआधी पायऱ्या आणि गटारे दोन्ही झाली असती.

मे महिन्यात एकदा त्या रांगेत मी अडकलो होतो. ट्रकच्या सावलीत ड्रायव्हरने स्टोव्ह पेटवून भात टाकला होता, एक बाई पानांच्या द्रोणात करवंदे विकत फिरत होती. वरून ब्रेकरची धडधड ऐकू येत होती. साडेचारच्या आधीच ती थांबली. कापलेली माती रस्त्यावरून उचलून, डंपर भरून, रस्ता मोकळा केल्याशिवाय पाचला गाड्या सोडता येत नाहीत, हे तेव्हा कळले. कागदावरच्या पाच तासांतून कापणीला चारच मिळत असतील.

पाऊस आला तेव्हा काम अपुरेच होते. जुलै २०२२ मध्ये वरून माती येऊ लागली आणि घाट सलग काही दिवस पूर्ण बंद ठेवावा लागला. २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बारा ते पाच. या वेळी ओरड कमी झाली, लोक सरावले होते. त्यानंतर काँक्रीटचे पदर वाहतुकीला खुले झाले आणि घाट सुटला असे वाटले. पण खालच्या अंगाची संरक्षक भिंत पावसात ढासळली. तिच्या जागी जाळीत दगड भरून गॅबियनची भिंत रचली. तिच्यातून पाणी झिरपून जाते, म्हणून इथे ती अधिक योग्य. वरच्या उताराला लोखंडी जाळी मारली. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि गॅबियनच्या कामालाही त्याचा फटका बसला.

आता घाटातून गाडी काही मिनिटांत उतरते. पेढ्यात मात्र पावसाळ्याच्या तोंडाला स्थलांतराच्या नोटिसा येतात. जायचे कुठे, गुरे कुठे बांधायची, लावणी कोणी करायची, याबद्दल त्या कागदात काही नसते. जोराचा पाऊस लागला की तिथली माणसे रात्री जागीच असतात.