‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ : चित्रपट-रूपांतरातील कथागती व बदल

दीर्घ अद्भुतरम्य कादंबरी पडद्यावर आणताना प्रसंगांचा क्रम व कथेतील काळ यांची फेरमांडणी कशी होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांच्या तीन खंडांतील कादंबरीवर (१९५४–५५) पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये चित्रित केलेले तीन चित्रपट (२००१, २००२, २००३) होत. पटकथालेखनात जॅक्सन यांच्यासोबत फ्रॅन वॉल्श व फिलिपा बॉयन्स होत्या.

कादंबरीचा आरंभ संथ आहे. बिल्बोच्या वाढदिवसानंतर त्याचा वारस व कथानायक फ्रोडो हा हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचा प्रदेश शायर सोडतो तोवर १७ वर्षे लोटतात, आणि ज्या घातक जादुई अंगठीमुळे त्याला निघावे लागते तिचा पूर्वेतिहास दुसऱ्या प्रकरणात जादूगार गॅन्डाल्फच्या तोंडून कळतो. चित्रपटात हा इतिहास प्रास्ताविकातच अमर एल्फ जमातीची गॅलाड्रिएल सांगते, १७ वर्षांचे अंतर जाणवत नाही आणि वाटेत हॉबिटांना आश्रय देणारा टॉम बॉम्बाडिल पूर्णपणे गाळला आहे. त्यामुळे अंगठीच्या मागावरील शत्रूंच्या पाठलागाला निकड येते. मात्र पन्नाशीला पोचलेला, घर सोडण्याची किंमत ओळखणारा मूळचा फ्रोडो हरवतो आणि त्याच्या जागी एक कोवळा तरुण येतो.

सर्वांत दूरगामी बदल दुसऱ्या खंडात झाला. कादंबरीत राजवंशाचा वारस ॲरागॉर्न व त्याचे सोबती यांची कथा आधी सलग येते, नंतर फ्रोडो आणि त्याचा सेवक-सोबती सॅम यांची. १९५८ मध्ये एका प्रस्तावित पटकथेवर अभिप्राय देताना टोल्किन यांनी हे दोन धागे एकमेकांत मिसळण्यास स्पष्ट विरोध केला होता, कारण त्यांचा सूर आणि भूभाग पूर्णतः वेगळे आहेत. जॅक्सन यांनी मात्र ते आलटून-पालटून दाखवले आणि प्रसंग बव्हंशी कादंबरीच्या परिशिष्टातील कालगणनेनुसार लावले. जाळे विणणारी महाकाय कोळीण शेलॉब हिच्याशी झालेली झुंज त्यामुळे तिसऱ्या चित्रपटात गेली. दुसऱ्या चित्रपटात फ्रोडोच्या कथेला उत्कर्षबिंदू उरला नाही. तो निर्माण करण्यासाठी मानवी सेनानी फॅरामिरला अंगठीच्या मोहात पाडून फ्रोडोला ऑस्गिलियथ या उद्ध्वस्त नगरापर्यंत नेण्यात आले. मूळ फॅरामिर अंगठी निःशंकपणे नाकारतो. नाट्याची गरज मान्य केली, तरी या पात्राची उंची त्यात कमी झाली हे नाकारता येत नाही.

शेवटी, अंगठी नष्ट झाल्यावर परतलेल्या हॉबिटांना उद्ध्वस्त शायर स्वबळावर मुक्त करावे लागते, हे प्रकरण वगळले गेले. महायुद्धापासून कोणतेही गाव सुटत नाही हा कादंबरीचा गाभ्यातील आशय त्याबरोबर गेला, आणि ही या रूपांतरातील सर्वांत मोठी हानी होय. मूळ कथेत खलनायक जादूगार सारुमान शायरमध्येच मरतो. ते प्रकरण नसल्याने त्याचा मृत्यू आयसेनगार्ड या त्याच्या गडावर चित्रित झाला, पण २००३ मध्ये प्रदर्शित झालेल्या २०१ मिनिटांच्या आवृत्तीतून तोही काढण्यात आला. पुढे सुमारे ५० मिनिटांनी वाढवलेल्या आवृत्तीत त्याचा पुन्हा समावेश झाला.