सार्वजनिक ग्रंथालये, मराठवाड्यातील

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर व धाराशिव या आठ जिल्ह्यांत लोकवर्गणी आणि शासकीय अनुदान यांवर चालणारी, सर्वांना खुली असलेली वाचनालये. शाळा सुटल्यावरही शिकत राहण्याची सोय म्हणून त्यांचे मोल मोठे आहे.

या भागात वाचनालयाचा इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. निजामी राजवटीत कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत मोठेपणी काही वाचायचे, तर शाळेबाहेरच जागा शोधावी लागे. गश्ती निशाण ५३ या निजाम सरकारच्या परिपत्रकाने सभांना पूर्वपरवानगीची अट घातली, तेव्हा चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचणे हेही लोकशिक्षण ठरले. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातले बळवंत वाचनालयही जुन्या संस्थांपैकी एक.

१९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ लागू झाला. या कायद्यात स्वतंत्र ग्रंथालय कर नाही. संस्था स्थानिक कार्यकारिणीने चालवायची आणि शासनाने तिला अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान द्यायचे, अशी रचना आहे. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी लहान गावातल्या ग्रंथपालाचे मानधन त्याच्या कामाला शोभेल इतके नाही. वाचनालय टिकते ते बव्हंशी त्याच्या चिकाटीवर.

तालुक्याच्या वाचनालयात सकाळी गर्दी असते ती वर्तमानपत्रांच्या उतरत्या लाकडी फळीपाशी. पेन्शनर मंडळी, बाजाराला आलेले शेतकरी, बसची वाट पाहणारे प्रवासी तिथे उभ्यानेच वाचतात. अनामत व मासिक वर्गणी भरून पुस्तक घरी नेता येते. दिवाळी अंकांची योजना वेगळी असते: एकदा वर्गणी भरली की अंक आळीपाळीने घरोघर फिरतात, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची पाने मऊ पडतात. ज्यांची शाळा सातवीत सुटली, अशा कितीतरी बायकांचे पुढचे वाचन याच अंकांवर झाले आहे.

अलीकडे अभ्यासिका हा वाचनालयाचा सर्वांत गजबजलेला भाग झाला आहे. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुले-मुली खेड्यांतून येतात. भाड्याच्या खोलीत चार जण असले की अभ्यासाला जागा कुठली? इथे मात्र टेबल, पंखा आणि शांतता मिळते. ही सोय हवीच. पण अभ्यासिकेसाठी कपाटे हलवून बालविभाग बंद करणे, हे वाचनालयाच्या मुळावर येणारे आहे. परीक्षा संपली की उमेदवार जातो. लहानपणी गोष्टीचे पुस्तक नेलेला सभासद मात्र पुढे नातवंडांना घेऊन येतो. दोन्ही विभाग वेगवेगळ्या वेळांना त्याच खोलीत चालवणे लहान जागेतही शक्य असते.