जुने गिग फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट का, आणि ते नक्की कोणाचे

नेरुळच्या आमच्या फोटोग्राफर मित्राचे जुने गिग फोटो, म्हणजे बँडच्या लाइव्ह शोचे फोटो, परत फिरायला लागलेत आणि जिथे बघावं तिथे तोच वाद, फोटो त्याचे की बँडचे. म्हणून मागचं थोडं लिहून ठेवतो.

रंगभवनचा, म्हणजे मुंबईतल्या धोबी तलावच्या उघड्या थिएटरातल्या रॉक शोंचा, जमाना त्याच्या वाट्याला आलाच नाही. धोबी तलावला शेजारी कॉलेज, पलीकडे हॉस्पिटल, त्यात 2000 चे आवाजाचे नियम आले, हॉस्पिटल-कॉलेजपासून 100 मीटर शांतता क्षेत्र, मग तिथून रॉक उठला तो उठलाच. मित्र कॅमेरा घेऊन फिरायला लागला 2009 मध्ये, तोवर सगळं लोअर परळच्या मिलच्या आवारातल्या क्लबांत गेलं होतं. आपल्याकडे नवी मुंबईत काय, तर कॉलेज फेस्ट आणि जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोल्या. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे काय हे कोणी विचारायचं नाही, मेटल नाही आणि नुसती कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, पण नाहीत, तो ऑल्टरनेटिव्ह!

गिग संपली की करी रोडपर्यंत चालत, तिथून कुर्ला, मग शेवटची पनवेल मिळाली तर मिळाली, नाहीतर कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून प्लॅटफॉर्मवर पहाटेपर्यंत. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सने अंधारात काहीच यायचं नाही, मग सेकंडहँड 50 एमएम एफ 1.8 घेतली, झूम केलेल्या किट लेन्सपेक्षा जवळपास दहापट उजेड आत येतो तिच्यातून. तरी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 1600 ला नेली की फोटोत नुसती वाळू. त्यात छोट्या क्लबांना लाल लाईटचं भारी वेड, नुसत्या लाल उजेडात सेन्सरचे चारातले एकच पिक्सेल धड काम करतात, चेहरा म्हणजे लाल डाग. तो ब्लॅक अँड व्हाइट केला की जरा माणसात येतो. लोक आता त्याला त्याची स्टाइल म्हणतात, तो ऐकून घेतो.

आता मुद्द्याचं. 2011 मध्ये एका बँडने त्याचा फोटो न विचारता सीडीच्या कव्हरवर टाकला, कोपऱ्यातला वॉटरमार्क कापून. म्हणणं काय, तर चेहरे आमचे, स्टेज आमचं, फोटो पण आमचा. कायदा असं म्हणत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो ज्याने काढला तो पहिला मालक, अपवाद असा की कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढला असेल आणि वेगळा करार नसेल तर मालक तो सांगणारा. म्हणजे गंमत बघा, बोलावून पैसे दिले असते तर फोटो बँडचे झाले असते, फुकटात मिळाले म्हणून याचे राहिले. मग बँडने दुसरं काढलं, आम्ही गेस्टलिस्टवर, म्हणजे फुकट एंट्रीच्या यादीत, नाव टाकलं, ड्रिंकची दोन कूपनं दिली, हा मोबदलाच. आता दोन कूपनं म्हणजे मोबदला का, यावर सहा महिने भांडण, अर्धे मित्र इकडे अर्धे तिकडे. पण मुळात त्याला बोलावलं कोणी होतं? तो आपणहून गेला होता, आणि कायद्याला "सांगण्यावरून" आणि "मोबदला" दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. बँडवाले मित्र चिडतील, चिडू देत. शेवटी कोर्टात कोणीच गेलं नाही, पुढच्या सीड्यांवर आत बारीक अक्षरात नाव आलं, तेही स्पेलिंग चुकवून.

नंतर उलटंच झालं. मोठे शो त्याच्या घराजवळ आले, नेरुळच्या स्टेडियममध्ये 2019 च्या डिसेंबरमध्ये आयरिश बँड, जानेवारी 2025 मध्ये ब्रिटिश बँडचे तीन शो, आणि आता अशा शोंना पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या फोटोग्राफरांच्या जागेत, जायच्या आधीच कागदावर सही, फोटो कुठे वापरायचे कुठे नाही सगळं लिहिलेलं, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. सही करताना तो हल्ली एकच ओळ शोधतो, मोबदल्याची.