मुंगसाला नागाचं विष सहजी बाधत नाही, मग रेबीज का होतो?

सराफ्यातल्या खाऊगल्लीतून रात्री परतताना गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरी धरली, की इंदूरच्या मराठी घरांत अजूनही ‘पोटातल्या चौदा इंजेक्शनां’चा विषय निघतो. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी रेबीजची ती लस ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपलनं १९११ साली कसौलीत तयार केली. भारतात ती बंद झाली २००४ च्या अखेरीस. रेबीजचा विषाणू पेशीला नेमका कुठं चिकटतो, याचा पहिला धागा मात्र १९८२ मध्ये हाती लागला.

येल विद्यापीठात थॉमस लेंट्झ यांच्या गटाला उंदराच्या श्वासपटलात विषाणू स्नायूभर विखुरलेला दिसला नाही. मज्जातंतूचं टोक स्नायूला भिडतं, तिथंच तो गोळा झाला होता. तिथं ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूच्या संदेशवाहक रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथं चिकटतं ती पेशीवरची प्रथिनं, दाटीनं असतात. कोंबडीच्या स्नायुपेशींना आधी मण्यारीच्या कुळातल्या सापाचं, याच रिसेप्टरवर बसणारं अल्फा-बंगारोटॉक्सिन हे विष लावलं, तर संसर्ग झालेल्या पेशी घटल्या. पुढं १९८४ मध्ये दिसलं, की विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचा एक तुकडा सापांच्या विषाशी मिळताजुळता आहे.

१९९० मध्ये याला प्राण्यांतल्या फरकाची जोड मिळाली. लाल कोल्ह्याला रेबीज चटकन होतो, अमेरिकेतल्या ओपोसमला सहजी होत नाही. कोल्ह्याच्या स्नायूत हे रिसेप्टरही जास्त आणि चिकटणारा विषाणूही जास्त. हिशेब जुळला असं वाटावं, तर मुंगूस आडवं येतं. त्याच्या रिसेप्टरमधली काही अमिनो आम्लं बदललेली असल्यामुळं सापाचं विष तिथं बसत नाही, तरीही काही कॅरिबियन बेटांवर मुंगूसच रेबीज पसरवतं.

कारण दार एकच नाही. १९९८ मध्ये एनकॅम आणि पी७५ हे आणखी दोन रिसेप्टर सापडले, २०१८ मध्ये एमग्लूआर२. एनकॅम नसलेले उंदीरही मेले, फक्त थोडे उशिरा. म्हणून एखादा रिसेप्टर अडवून उपचार करण्याची कल्पना आम्हाला फारशी आशादायक वाटत नाही.

अडवायचं ते ग्लायकोप्रोटीनलाच, आणि तेही जखमेत. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुतलं, की विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं. मिरची-चुना लावण्यात हाच वेळ जातो. कातडी भेदलेल्या चाव्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं, लागतं: मानवी असेल तर किलोमागं २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. ते जखमेत आणि तिच्या भोवती भरायचं. सगळं कुल्ल्यात टोचलं, तर चाव्यापाशी पुरेसं पोचत नाही. बोटाच्या टोकाला मात्र मावेल तेवढंच, नाहीतर दाबानं रक्तपुरवठा अडतो.