एकाच माणसाच्या चार नोंदी: थंडरबर्डमधली दुबार नावं कशी काढायची
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ज्या दुकानांत, जिनिंगमध्ये आणि आडतीवर आम्ही मेलसाठी थंडरबर्ड बसवून दिलं आहे, तिथून एक तक्रार वारंवार येते. मेल लिहायला घेतला, 'पाटील' टाइप केलं की खाली पाटलांची रांग लागते आणि त्यातले कितीतरी तेच ते असतात. घाईत बोट खालीवर होतं आणि सावद्याच्या पाटलांना पाठवायचा केळीचा भाव शिरपूरच्या पाटलांकडे जातो. बिलावर खाते क्रमांक असतो, भावात दुसऱ्याला कळू नये अशी बोली असते, आणि एकदा गेलेला मेल माघारी येत नाही. म्हणून अ‍ॅड्रेस बुकची (पत्त्यांच्या वहीची) साफसफाई वेळ काढून करावी, आणि समजून करावी.

दुबार नावं येतात कुठून?

पहिली वाट थंडरबर्डची स्वतःचीच. त्यात सुरुवातीपासून दोन वह्या असतात. 'पर्सनल अ‍ॅड्रेस बुक' ही तुमची. 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस' ही प्रोग्राम आपणहून भरतो: तुम्ही ज्या नव्या पत्त्यावर मेल पाठवता, तो त्यात जाऊन बसतो. एखादं अक्षर चुकवून टाइप केलेला पत्ताही तसाच नोंदला जातो आणि पुढच्या वेळी सुचवला जातो. ही सवय बंद करायची असेल तर सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन' उघडा आणि 'अ‍ॅड्रेसिंग'खालची, पाठवलेले पत्ते आपोआप जमा करण्याची खूण काढून टाका.

दुसरी वाट आयातीची. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या म्हणून फोनमधली यादी दरवर्षी नव्याने आत घेतली जाते. आत घेताना ही माणसं आधीच वहीत आहेत का, हे थंडरबर्ड तपासत नाही.

तिसरी वाट फोन नंबरांची. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. तेव्हा अनेकांनी तोच नंबर शून्यासह पुन्हा जतन केला. एक नुसता दहा आकडी, एक शून्य लावलेला, एक +९१ लावलेला: संगणकाला हे तीन वेगळे नंबर वाटू शकतात. सगळे नंबर +९१ लावून एकाच पद्धतीने ठेवले तर हा घोळ मिटतो.

नाव सारखं म्हणजे माणूस एकच, असं धरू नका

आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि सुनील किंवा संजय पाटील तर एकाच तालुक्यात कितीतरी निघतील. नाव जुळलं की नोंदी आपोआप एकत्र करणारी सोय खानदेशातल्या वहीवर फिरवली तर तीन खरी माणसं मिळून एकच उरतं. उलट 'नाना', 'नाना फैजपूर' आणि 'एन. व्ही. चौधरी' हा एकच माणूस असतो आणि तो यंत्राच्या नजरेतून सुटतो.

म्हणून नावावरून नाही, मेलच्या पत्त्यावरून जुळवा. अ‍ॅड्रेस बुकमध्ये 'ऑल अ‍ॅड्रेस बुक्स' निवडा, यादी टेबलच्या रूपात आणा आणि ईमेलच्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारा. सारखे पत्ते एकाखाली एक येतात, आणि डोळ्यांनी पटकन कळतं. इथेही एक अडचण आहे. वडिलांचे मेल मुलगा बघतो, किंवा जिनिंगच्या चार भागीदारांचा पत्ता एकच असतो. अशा ठिकाणी एकच नोंद ठेवा, नाव फर्मचं द्या आणि माणसांची नावं व नंबर त्याच नोंदीत लिहा.

नाव लिहिताना गाव जोडा: 'सुनील पाटील, सावदा'. लोक बोलतातही तसंच. नाव देवनागरीत असेल आणि तुम्ही मेल लिहिताना इंग्रजी अक्षरं टाइप करत असाल तर ते नाव सापडत नाही. त्यासाठी टोपणनावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव टाका. ते टाइप केलं की नेमका माणूस वर येतो.

काढून टाकण्याआधी

थंडरबर्डच्या अ‍ॅड्रेस बुकला कचरापेटी नाही. नोंद काढली की गेली. म्हणून आधी प्रत घ्या. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइलचं (तुमचे मेल, वह्या आणि सेटिंग्ज असलेलं) फोल्डर उघडा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. नुसती सीएसव्ही (नोंदींची साध्या तक्त्याची फाइल) काढून समाधान मानू नका, कारण तिच्यात मेलिंग लिस्ट (एकदम अनेकांना मेल पाठवायच्या याद्या) येत नाहीत. एलडीआयएफ या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये त्या येतात.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून दुरुस्त करायची असेल तर जपून. सरळ डबल क्लिक केलं तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात, +९१चं अधिक चिन्ह गळतं आणि बारा आकडी नंबर ९.१९ई+११ असा दिसू लागतो. तसंच जतन केलं तर नंबर कायमचा गेला. फाइल एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून, यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी पद्धत) निवडून आणि नंबरचा रकाना 'टेक्स्ट' ठरवून आत घ्या.

आणखी तीन गोष्टी पाहून घ्या. एक, मेलिंग लिस्टमधली नावं त्याच वहीतल्या नोंदींना बांधलेली असतात. तुम्ही काढलेली दुबार नोंद लिस्टमधली निघाली तर तो माणूस लिस्टमधूनही गळतो आणि पुढचं भावपत्रक त्याला जात नाही. दोन, जंकच्या (नको असलेल्या मेलच्या) सेटिंगमध्ये वहीतल्या माणसांचे मेल जंक समजू नयेत अशी सोय असते. वहीतून नाव गेलं की ते संरक्षणही जातं. तीन, वही गुगलच्या खात्याशी जोडलेली असेल तर इथे काढलेलं नाव फोनमधूनही जातं. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये काढलेली नावं ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात, तेवढ्या मुदतीत परत आणता येतात.

दुबार नोंदी शेजारी-शेजारी दाखवणारं 'डुप्लिकेट कॉन्टॅक्ट्स मॅनेजर' हे अ‍ॅड-ऑन (थंडरबर्डला जोडायची जादा सोय) मिळतं. जोडी दाखवून डावी ठेवायची, उजवी ठेवायची की दोन्ही, हे ते विचारतं, म्हणून आम्हाला ते बरं वाटतं. तुमच्या थंडरबर्डच्या आवृत्तीवर ते चालतं का, हे आधी बघा. आपोआप काढण्याचा पर्याय मात्र वापरू नका.

हे काम आमच्याकडून करून घ्यायचं असेल तर आमचा माणूस येईल, पण शेजारी तुमच्याकडचा एक जण बसलेला हवा: ज्याला कोणता पाटील कुठला हे तोंडपाठ आहे असा, मग तो मुनीम असो की मालक. तो नसेल तर आम्ही प्रत घेऊन ठेवू आणि पत्ते जमा होणं बंद करू, पण एकही नाव काढणार नाही. कापूस किंवा केळीची ऐन धांदल टाळून दुपारची वेळ कळवा.