नाचऱ्या उंदराचा कान

पुण्यात गणेशखिंड किंवा पाषाणच्या एखाद्या संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात उंदीर स्वतःभोवती गरगर फिरताना दिसला, तर पहिला प्रश्न पडतो: हा पिंजऱ्याचा परिणाम की रक्तातूनच आलेला दोष? कोंडून ठेवलेले उंदीरही त्याच त्या हालचाली तासन्‌तास करत राहतात. (गणपतीच्या पायाशी शांत बसलेले उंदीरमामा पाहायची सवय असलेल्या पुणेकराला हे जरा विचित्रच वाटतं.)

जपानात असे 'नाचरे उंदीर' लोक हौसेने पाळत. तिथून ते युरोप-अमेरिकेत गेले. १९०२च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्रज्ञ डार्बिशायर यांनी पांढऱ्या उंदरांशी त्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत एकही नाचेना, पुढच्या पिढीत काही पुन्हा नाचू लागले. म्हणजे एका पिढीत लपलेला गुण पुढच्या पिढीत परत दिसतो, हा मेंडेलच्या वाटाण्यावरच्या सुरकुत्यांचा नियम वागणुकीलाही लागू होता! १९०७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ यर्क्स यांनी या उंदरांवर अख्खं पुस्तकच लिहिलं. मोठे झालेले नाचरे उंदीर बहिरे असतात, हे त्यांना आढळलं. नाच कसला, कानातला बिघाड तो. ऐकणं आणि तोल सांभाळणं, दोन्ही कामं आतल्या कानाचीच.

मॅसॅच्युसेट्समधल्या ॲबी लॅथ्रॉप या माजी शिक्षिकेने हौशी लोकांना विकण्यासाठी नाचऱ्या उंदरांच्या जोडीपासूनच पैदास सुरू केली. पुढे प्रयोगशाळाही तिच्याकडून उंदीर घेऊ लागल्या. तिच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून आनुवंशिकीतज्ज्ञ क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ साली काळा वाण तयार केला. तोच 'सी-५७ ब्लॅक', आज जगभर सर्वाधिक वापरला जाणारा उंदीर. पुण्यातही तो आहेच.

सगळ्याच वेड्यावाकड्या चालींचं मूळ कानात नसतं. आनुवंशिकीतज्ज्ञ फाल्कनर यांनी १९५१ साली नोंदवलेला 'रीलर' हा उंदीर झिंगल्यासारखा चालतो, तो मेंदूच्या घडणीतल्या दोषामुळे.

नाचऱ्यांचं जनुक सापडायला मात्र २००१ उजाडलं: कॅडहेरिन-२३. आतल्या कानात आवाज आणि तोल टिपणाऱ्या केसपेशींचे तंतू एकमेकांना बांधणारं प्रथिन त्यातून बनतं. याच जनुकातल्या दोषाने माणसात अशर सिंड्रोम होतो. मूल जन्मतः बहिरं असतं आणि पुढे नजरही जाते. गंमत पुढेच आहे. काळ्या सी-५७मध्येही याच जनुकात एक सौम्य दोष निघाला. तो नाचत नाही, पण वयाबरोबर त्याचं ऐकू येणं कमी होत जातं. त्यामुळे स्मरणशक्तीच्या प्रयोगात म्हातारा काळा उंदीर आवाजाला दाद देईना, तर तो शिकलेलं विसरला की त्याला आवाज आलाच नाही, हे आधी तपासावं लागतं.