धोटा गेला, मग विणकर कुठे गेला?

‘एक ऑटोलूम (स्वयंचलित माग) आला की चार माणसं घरी’ हे वाक्य इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात कित्येक वर्षं ऐकू येतंय. हल्ली त्याच चालीवर ‘एआयमुळे अमुक टक्के नोकऱ्या जाणार’ असे संदेश फोनवर फिरतात. दोन्हींत नोकरी म्हणजे एक अखंड ठोकळा धरलेला आहे. प्रत्यक्षात नोकरी ही पाच-दहा कामांची मोट असते आणि यंत्र त्यातलं एखादंच काम उचलतं. ते नेमकं कोणतं, हे कळल्याशिवाय कोण घरी जाणार याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. म्हणून सरळ माग उघडून बघू.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या जातीचे साधे माग आजही गावोगाव खडखडतात. माग विजेवर चालतो, मग कामगार काय करतो? संपलेली कांडी बदलतो. कांडी म्हणजे आडव्या सुताची गुंडाळी; ती धोट्यात बसते आणि धोटा उभ्या धाग्यांमधून आरपार धावत ते सूत टाकतो. तुटलेला धागा शोधतो, गाठ मारतो, तो वहीच्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या तारांच्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या (आडवं सूत ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या) फटीतून ओढून घेतो, माग पुन्हा सुरू करतो. आणि या सगळ्यात सतत बघत राहतो. ४८ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात इंचाला ६० उभे धागे धरले, तर एका मागावर २,८८० धागे झाले. असे चार, सहा, कधी आठ माग एकाच्या हाती. त्यातला एक धागा तुटला आणि नजरेतून सुटला, तर माग खुशाल विणत राहतो आणि ताग्यात लांबच लांब रेघ पडते.

या ‘बघण्या’वर शोधलेला उपाय मला यंत्रविद्येतल्या सगळ्यात देखण्या उपायांपैकी एक वाटतो. प्रत्येक उभ्या धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी अडकवायची. तिला म्हणतात ड्रॉपर. धागा ताणलेला आहे तोवर ती त्याच्यावर तोलून राहते. धागा तुटला की ती स्वतःच्या वजनाने खाली पडते, खालच्या धातूच्या दोन पट्ट्या तिच्यामुळे जोडल्या जातात, विजेचं मंडल पूर्ण होतं आणि माग थांबतो. कॅमेरा नाही, संगणक नाही. गुरुत्वाकर्षण आणि शाळेत बल्ब पेटवायला केलेलं सर्किट, एवढंच. जपानमध्ये साकिची टोयोडांनी १९२४ साली केलेल्या मागात धागा तुटल्यावर आपोआप थांबण्याची सोय होतीच, शिवाय चालत्या मागातच धोटा बदलला जाई. एक कामगार तीसहून अधिक माग सांभाळू लागला.

तरी धोटा होताच, आणि खरी अडचण त्याच्यातच आहे. कांडीसकट धोट्याचं वजन ४०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला १२ मीटर धरू. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या निम्मी गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे २९ ज्यूल. आता तो धोटा एका फेरीत किती सूत टाकतो? चाळीस नंबरचं सूत मीटरला साधारण १५ मिलिग्रॅम भरतं. ४८ इंचांसाठी लागलं १८ मिलिग्रॅम. एवढंसं सूत पलीकडे न्यायला आपण त्याच्या बावीस हजार पट वजन फेकतो, पलीकडे आपटून थांबवतो आणि लगेच उलटं फेकतो. मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा! ती सगळी ऊर्जा उष्णतेत, कंपनात आणि कामगाराचे कान निकामी करणाऱ्या आवाजात जाते. वेग दुप्पट करायचा तर ऊर्जा चौपट. म्हणून साधा माग एका मर्यादेपलीकडे पळतच नाही.

एअरजेट मागात धोटाच काढून टाकला. सूत थेट कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या गुंडाळीवरून, येतं आणि दाबाखालची हवा ते ओढत नेते. पण नळीतून सुटलेली हवा पसरते, आजूबाजूच्या स्थिर हवेला सोबत घेते आणि थोड्याच अंतरावर तिचा वेग ढासळतो. पुढचं टोक रेंगाळलं आणि मागून सूत येतच राहिलं, तर त्याचा गुंता होतो. म्हणून फणीच्या प्रत्येक पात्याला खाच दिलेली असते. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की पन्हाभर एक बोगदा तयार होतो आणि हवा त्यात कोंडून राहते. या बोगद्याच्या कडेने छोट्या पूरक नळ्या बसवतात. सुताचं टोक पुढे सरकेल तसतशी एकेका गटाची झडप उघडते आणि मिलिसेकंदांत बंद होते. हवेची ओढ सूत आणि हवा यांच्या वेगातल्या फरकाच्या वर्गावर, तशीच सुताच्या केसाळपणावर अवलंबून असतो. त्यामुळे गुळगुळीत सुताला वेळ वेगळी लावावी लागते, केसाळ सुताला वेगळी. हे साधलं की मिनिटाला सहाशे-आठशे फेऱ्या सहज होतात.

आता हिशेब करा. बघणं गेलं, कांडी बदलणं गेलं. पण तुटलेला धागा जोडणं, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) सांधणं, वहिफणी (नवे धागे वही-फणीतून ओवणं), हवेचा दाब आणि झडपांच्या वेळा लावणं, सुताची पारख ही कामं राहिली आणि त्यांची किंमत वाढली. कारण आता माग तासभर बंद राहिला तर पूर्वीच्या कितीतरी पट कापड बुडतं.

पारखीवरून आठवलं. धागे वारंवार तुटायला लागले की ‘मागाला नजर लागली’ म्हणून लिंबू-मिरची बांधणारे अजून आहेत. कापसाचा धागा दमट हवेत मजबूत होतो, कोरड्या हवेत कमकुवत. मार्चच्या दुपारी शेडमधली आर्द्रता घसरते आणि धागे तुटतात. लिंबाऐवजी आर्द्रतामापक टांगावा आणि फवारा चालू करावा.

फोनवरच्या टक्केवारीलाही असंच तपासून घ्यावं. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना यंत्रांचा मोठा धोका असल्याचं मांडलं. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात २१ देशांची सरासरी निघाली ९ टक्के. पहिल्यांनी अख्खे व्यवसाय मोजले, दुसऱ्यांनी त्या व्यवसायांतली कामं. ४७चा आकडा जगभर गाजला, ९चा कोणी पुढे पाठवत नाही.

पण कामं उरली म्हणजे रोजगार उरतोच असंही नाही. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वारभर कापड विणायला लागणारे ९८ टक्के श्रम यंत्रांनी वाचवले, तरी विणकरांची संख्या वाढत गेली. कापड स्वस्त झालं आणि लोकांकडे ते इतकं कमी होतं की मागणी श्रमबचतीपेक्षा वेगाने वाढली. विसाव्या शतकात कपाटं भरली आणि तेच गणित उलटं फिरलं. आपल्याकडे दरडोई कापड अजून पुष्कळ वाढू शकतं, म्हणून मला विणकराची फारशी धास्ती वाटत नाही.

धास्ती वाटते ती कांड्या भरणाऱ्या बायकांची. त्यांच्या नोकरीत एकच काम आहे, आणि कोनावरून सूत घेणाऱ्या मागाला कांडी लागतच नाही. त्यांच्यासाठी ‘कौशल्य वाढवा’ हा सल्ला पोकळ आहे. कापड तपासणी, मेंडिंग (विणीतले दोष हाताने दुरुस्त करणं), शिलाई ही जवळची कामं आहेत. त्यांना धाग्याची जाण हवी आणि ती या बायकांच्या हातात आहेच. पण शिकायचं कधी? यंत्रमागाची पाळी बारा तासांची, आणि त्यानंतर घर. १९९९ पासून केंद्राच्या योजनांनी नव्या मागांना अनुदान दिलं. २०१७च्या पॉवरटेक्स या यंत्रमागांसाठीच्या योजनेत तर साध्या मागालाच धागातोड-थांब यंत्रणा बसवायला पैसे मिळाले. माझं म्हणणं असं, की मागासाठीच्या प्रत्येक अनुदानाला त्या शेडमधल्या माणसांच्या पगारी प्रशिक्षणाची अट जोडावी. इचलकरंजीत डीकेटीईसारखी वस्त्रोद्योगाची शिक्षणसंस्था १९८२ पासून आहे. कांड्या भरणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस पूर्ण मजुरी देऊन तिथे तपासणीच्या टेबलावर शिकायला पाठवावं, आणि जुना माग भंगारात जाण्याच्या सहा महिने आधी पाठवावं.